होमारे सावाला वर्ल्डकप कुणी दान दिला नाही

जपानची निवृत्त फुटबॉलपटू होमारे सावा हिच्याबद्दल एक लांबलचक फॉरवर्ड मेसेज फिरतोय. म्हणे तिची लोकप्रियता ही निव्वळ त्सुनामीची सहानुभूती, २०११चा महिला वर्ल्डकप अमेरिकेने दया येऊन सोडला, एका स्पर्धेपलीकडे तिने काही केलं नाही आणि निवृत्तीपर्यंत लोक तिला विसरूनही गेले. फुटबॉल खेळणाऱ्या माझ्या भाचीने तो मला पाठवून विचारलं, "मावशी, खरंय का गं हे?" म्हणून हा खटाटोप.

आधी तो दयेचा मुद्दा, कारण तो नुसता खोटा नाही, घाणेरडाही आहे. १७ जुलै २०११ला फ्रँकफर्टमध्ये झालेल्या जपान-अमेरिका फायनलचा फिफाचा अधिकृत अहवाल कुणालाही वाचता येतो. अमेरिका दोनदा पुढे गेली. ६९व्या मिनिटाला मॉर्गनचा गोल, ८१व्या मिनिटाला जपानच्या मियामाची बरोबरी. जादा वेळेत १०४व्या मिनिटाला वॉम्बॅकने हेडरवर पुन्हा आघाडी मिळवून दिली. दान करायला निघालेला संघ असा खेळतो? ११७व्या मिनिटाला मियामाच्या कॉर्नरवर सावा जवळच्या पोस्टकडे धावली आणि गोलकडे जवळजवळ पाठ असताना तिने उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने चेंडू आत वळवला. त्यानंतरही अमेरिका थांबली नाही. मॉर्गन सुसाट निघाली, तिला पाडल्याबद्दल इवाशिमिझूला रेड कार्ड मिळालं. मग पेनल्टी शूटआउट, तो जपानने ३-१ असा जिंकला. अमेरिकेच्या पहिल्या तीन किकपैकी दोन गोलरक्षक काइहोरीने अडवल्या, एक बारवरून गेली. त्या दिवसापर्यंत जपानने अमेरिकेला एकदाही हरवलं नव्हतं. हे सगळं नाटक म्हणायचं तर काइहोरीच्या कष्टांवरही थुंकल्यासारखं होतं.

बरं, एवढं मान्य करते की त्सुनामीचा संबंध होता. मार्चमध्ये देश उद्ध्वस्त झाला होता, जुलैत हा कप आला. लोकांनी संघाला डोक्यावर घेतलं त्यात त्या दुःखाचा वाटा होताच. सरकारने संघाला राष्ट्रीय सन्मान दिला तो त्याच वातावरणात. नंतर तिथल्या महिला लीगची गर्दी ओसरली हेही खरं. पण सहानुभूती टाळ्या मिळवून देते, गोल नाही.

"एकाच स्पर्धेची" म्हणे! १९९३ला पंधराव्या वर्षी राष्ट्रीय संघात, पहिल्याच सामन्यात ४ गोल. पुढे सहा वर्ल्डकप, २०५ सामने, ८३ गोल, लंडन ऑलिंपिकचं रौप्य.

विसरले म्हणे! २७ डिसेंबर २०१५ला तिचा शेवटचा सामना होता, एम्प्रेस कप या जपानमधल्या महिला क्लब स्पर्धेची फायनल. मैदानात २० हजारांवर प्रेक्षक, आणि तिच्या आयएनएसी कोबे संघाने १-० असा जिंकलेल्या त्या सामन्यातला एकमेव गोल तिचाच.

फॉरवर्डमध्ये तिला 'स्ट्रायकर'ही म्हटलंय. ती मधल्या फळीत खेळायची, आणि तिथून ५ गोल करून २०११चा गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलांचा पुरस्कार, घेऊन गेली. मार्टा आणि वॉम्बॅक या अस्सल स्ट्रायकर ४वर थांबल्या.