फळ पातेल्यात गेलं म्हणून विष होत नाही

'फळं नेहमी कच्ची, एकटी आणि रिकाम्या पोटीच खावीत. शिजवली की सगळी सत्त्वं मरतात आणि साखर घातक होते. दुधात घातली की विष होतं. जेवणाबरोबर खाल्ली की पोटात सडतात. चिरून ठेवलेलं फळ दहा मिनिटांत निरुपयोगी.' अशा आशयाचा मजकूर कुठल्या तरी 'प्रसिद्ध डॉक्टरां'च्या नावाने कुटुंबाच्या ग्रुपवर फिरत असतो. परिणाम असा, की घरी चार माणसं यायची असतात, टोपलीत सफरचंदं मऊ पडत असतात आणि त्यांचं झटपट काही करायला हात धजावत नाही. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

'सगळी सत्त्वं मरतात.' यातला 'सगळी' हा शब्द खोटा आहे. क जीवनसत्त्व उष्णतेने घटतं आणि पाण्यात उतरतं, इतपत खरं. पण तंतू आणि पोटॅशियम उकळीने नाहीसे होत नाहीत. पाण्यात उतरलेलं सत्त्वही ते पाणी ओतून दिलं तरच वाया जातं. सफरचंदात तर ८५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून मंद आचेवर ठेवलं, तर चमचा-दोन चमचे पाण्यावर फोडी स्वतःच्या रसात शिजतात आणि तो रस वाटीत येतोच. टोमॅटोची गोष्ट उलटीच. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तेही फळच, आणि थोड्या तेलात शिजवल्यावर त्यातलं लायकोपीन (टोमॅटोला लाल रंग देणारं द्रव्य) शरीराला कच्च्यापेक्षा जास्त मिळतं.

'साखर घातक होते.' नाही होत. रस अंगाशी असेतो पातेल्यातली उष्णता १०० अंश सेल्सिअसच्या फार वर जात नाही, आणि त्या उष्णतेला फळातली साखर साखरच राहते. काळजी करायची तर वरून ओतलेल्या साखरेची करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 'मोकळी साखर' दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी. या हिशेबात वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रसही येतो. अख्ख्या फळातली साखर येत नाही. तेव्हा आधी फळ शिजवा, चाखा, आणि मगच साखरेच्या डब्याला हात लावा. पुष्कळदा चिमूटभर मीठ आणि थोडी दालचिनी पुरते.

'दुधात घातली की विष.' हा मुद्दा सर्वांत लोकप्रिय, आणि त्यातच खरी गंमत आहे. आंबट फळाने दूध फाटतं, हे कोणीही पाहिलेलं असतं. आम्लता वाढून पीएच (आम्लतेचं माप, आम्लता वाढते तसं ते उतरतं) ४.६ च्या आसपास आला की दुधातलं केसिन हे प्रथिन गोळा होतं, एवढंच त्यामागचं कारण. जठरात तर साधं दूधसुद्धा असंच फाटतं आणि मग पचतं. (ज्यांना दूधच सोसत नाही त्यांची गोष्ट वेगळी, तिथे फळाचा दोष नाही.) बिघडतो तो पदार्थ, आणि त्यावर इलाज सोपा आहे: आंबट फळ वेगळं शिजवून गार करा, दूध आटवून तेही गार करा, आणि वाढायच्या वेळी एकत्र करा. नाहीतर दूध सोडून घट्ट दही घ्या. ते आधीच विरजलेलं असल्याने फाटायचा प्रश्न नाही.

अननस, पपई आणि किवी यांची तऱ्हा निराळी. त्यांच्यात प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम) असतात. कच्चा अननस दुधात घालून ठेवला की थोड्या वेळाने ते कडू लागतं, आणि जिलेटिन (जेली घट्ट करणारं प्रथिन) तर रात्रभर ठेवलं तरी सेट होत नाही. फोडी आधी काही मिनिटं उकळून घेतल्या की विकर निकामी होतं आणि पुडिंग बिनघोर जमतं. म्हणजे 'शिजवू नका' हा सल्ला पाळला, तर नेमका हाच पदार्थ फसणार! शिजवायचंच नसेल तर जिलेटिनऐवजी समुद्री शेवाळापासून मिळणारं अगर-अगर वापरा. ते प्रथिन नसल्याने विकराला तोडण्याजोगं त्यात काही नसतं.

'पोटात सडतात.' जठरातल्या आम्लात बहुतेक जिवाणूंचा टिकाव लागत नाही, मग सडवणार कोण? तंतू आंबतात ते पुढे मोठ्या आतड्यात. फळ एकटं खाल्लं तरी आंबतातच. उलट कडधान्यांतलं लोह शरीरात शोषलं जायला त्याच जेवणातलं क जीवनसत्त्व मदत करतं. उकडलेल्या कडधान्यात संत्र्याच्या फोडी, कांदा आणि मिरपूड घालून पाहा. एखाद्याला जेवणावर फळ जड वाटत असेल तर त्याने खुशाल टाळावं, पण तो नियम सगळ्यांच्या गळ्यात कशाला?

'दहा मिनिटांत निरुपयोगी.' सफरचंद काळं पडतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे आणि फळातल्याच विकरामुळे. ते दिसायला वाईट, खायला नाही. लिंबू पिळलं की वेग मंदावतो. खरी मर्यादा जंतूंची आहे: चिरलेलं फळ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, नंतर फ्रिजमध्ये. कलिंगड आणि खरबूज चिरण्याआधी साल धुवा, कारण सुरी सालीवरची घाण गरापर्यंत नेते.

मेसेजमध्ये नसलेला एक इशारा मात्र खरा आहे. ग्रेपफ्रूटमुळे (संत्र्याच्या कुळातलं, पपनसासारखं फळ) काही औषधांचं, त्यात कोलेस्टेरॉलवरच्या काही गोळ्यांचंही, रक्तातलं प्रमाण वाढू शकतं, आणि ते शिजवलं तरी हा धोका टळला असं समजू नये. पाहुण्यांपैकी कोणी रोजच्या गोळ्या घेत असेल, तर त्या दिवशी संत्रं वापरा.