‘त्या काळी तसंच चालायचं’ हे पटलं नाही

महाभारतावरच्या या लेखात लेखक म्हणतात, त्या काळी तसंच चालायचं, महाभारताला आजची नैतिक फुटपट्टी लावू नका. अहो, पण ती फुटपट्टी महाभारतातच आहे की! भरसभेत द्रौपदी विचारते, युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? भीष्मांसारखा माणूस धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून हात झटकतो. आणि ती जिंकली गेलेलीच नाही, असं ठणकावणारा विकर्ण कोण, तर कौरवांपैकीच एक. म्हणजे आक्षेप तेव्हाही होते, फक्त ऐकले गेले नाहीत. एकलव्याचंही तसंच. न शिकवलेल्या विद्येची दक्षिणा म्हणून अंगठा मागितला आणि अर्जुनाचा जीव भांड्यात पडला, हे मूळ ग्रंथच लपवत नाही. आपणच सारवासारव करतो.

बाकी, लेखात म्हटलंय तसं बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’ मालिकेतला निवेदक ‘समय’ म्हणजे महेंद्र कपूर नव्हे हो! ते शीर्षकगीत गायचे. ‘समय’चा आवाज हरीश भिमानींचा. संवाद राही मासूम रझांचे. आणि कृष्ण झालेले नितीश भारद्वाज मुळात जनावरांचे डॉक्टर, गोपालाच्या भूमिकेला याहून चांगली पात्रता कुठली?