आजी नुसती प्रेमळ होती?

‘आमची आजी अतिशय प्रेमळ होती. तिने सगळ्यांना भरभरून माया दिली.’ मित्राने आजीवर मोबाइलवर लिहिलेल्या लेखातलं एवढंच वाचून दाखवलं आणि आमच्यातल्या मास्तरने त्याला अडवलं.

“ही तुझी आजी की माझी? दुसऱ्या कुणाच्या आजीला लागू पडणार नाही असं यात एक तरी वाक्य आहे का?”

आजीला जाऊन फार दिवस झाले नव्हते. आमच्यातला वकील चिडला. “मास्तर, जरा दमानं घे. गेलेल्या माणसाबद्दल माणूस चांगलंच लिहिणार.”

“चांगलंच लिहू दे ना. पण तिचं लिहू दे.”

मित्र म्हणाला, “अरे, होतीच ती प्रेमळ. दुसरं काय लिहू? मोठं असं काही तिने केलंच नाही. मला ताप आलाय असं वाटलं की माझ्या कपाळाला हाताची उलटी बाजू लावायची, मग स्वतःच्या कपाळाला, मग पुन्हा माझ्या. सारखी धुण्याभांड्यात असायची, हात कायम गार. त्या हाताला सगळंच गरम लागायचं, म्हणून आधी स्वतःशी ताडून बघायची.”

“हे का नाही लिहिलंस?” सिस्टरने विचारलं. आमची ही मैत्रीण नर्स आहे.

“यात लिहिण्यासारखं काय आहे?”

इथे मला राहवलं नाही. आजीची माया म्हणजे हवेतली गोष्ट, असं आपण का धरून चालतो? मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या टांझानियातल्या हाड्झा लोकांमध्ये केलेला एक अभ्यास 1997 साली प्रसिद्ध झाला. ते लोक तेव्हा शिकार करून आणि रानातलं गोळा करून जगत होते. आई नव्या तान्ह्यात अडकली की आधीच्या मुलाचं वजन कसं वाढतं, याचा संबंध आजी कंद खणण्यात, रानातलं अन्न गोळा करण्यात किती वेळ घालवते याच्याशी लागत होता. बायका मूल होण्याचं वय उलटल्यावरही इतकी वर्षं का जगतात, याचं एक स्पष्टीकरण त्यातून पुढे आलं: आजीच्या कष्टांवर नातवंडं तगतात. त्यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत, पण मला त्यातली एक गोष्ट पक्की पटते. माया म्हणजे काम. खणणं, उचलणं, रात्री उठून बघणं. आजीचा गार हात त्याच कामाचा भाग आहे आणि ‘भरभरून माया’ म्हटलं की तो दिसेनासा होतो.

मास्तर कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. त्याने केंब्रिजचा मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट याचं नाव काढलं. 1932 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कामात एक प्रयोग आहे. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा त्याने इंग्लंडमधल्या लोकांना वाचायला दिली आणि मग काही काळाने पुन्हा पुन्हा सांगायला लावली. दर वेळी गोष्ट आखूड होत गेली. जे विचित्र वाटत होतं ते गळालं, जे अनोळखी होतं त्याच्या जागी ओळखीचं आलं.

“आजीचंही तेच होतं,” मास्तर म्हणाला. “पहिल्या महिन्यात तिचा खोकला, तिचा हट्ट, तिची चालण्याची ढब, सगळं आठवतं. सांगून सांगून ते गुळगुळीत होतं आणि शेवटी ‘प्रेमळ’ उरतं. म्हणून म्हणतो, आत्ताच लिही.”

मग सिस्टरने जे विचारलं ते माझ्या मते त्या संध्याकाळचं सगळ्यात महत्त्वाचं. “तुझ्या लेखात आजी जन्मालाच म्हातारी आलीय. तू झालास तेव्हा ती साठीच्या आसपास असेल. त्याआधीची बाई कुठे आहे?”

“मी पाहिलंच नाही, तर लिहू कसं?”

“विचारून. म्हाताऱ्या पेशंटांजवळ बसले की ते सांगतात ते त्यांच्या तरुणपणाचं. नातवंडांचं कौतुक दोन मिनिटांत संपतं, विशीतलं मात्र तासभर चालतं.”

मास्तरने मान डोलावली. उतारवयातल्या माणसांना आयुष्यातलं काय आठवतं ते विचारलं तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी जास्त निघतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. म्हणजे तिला स्वतःला जे सगळ्यात ठळक आठवत असणार, नेमकं तेच आपल्याला ठाऊक नसतं. मला हे फार लागलं. आपण आजी म्हणून जिच्यावर जीव टाकतो, तिच्या आयुष्याचा शेवटचा तुकडाच आपल्या वाट्याला आलेला असतो.

मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मावशीआजी आहे अजून. आजीची धाकटी बहीण. पण त्या दोघी कित्येक वर्षं बोलत नव्हत्या.”

आता वकील आणि सिस्टर यांची जुंपली. वकिलाचं म्हणणं, भांडण लेखात आणायचं नाही, कारण आजी आता आपली बाजू मांडायला नाही. सिस्टरचं म्हणणं, ते वगळलं तर कुणावरही न रागावलेली एक मूर्ती उरेल, आणि मूर्तीची कुणाला आठवण येत नाही. मला दोघांचंही पटत होतं, तरी मी सिस्टरच्या बाजूने बोललो. जी बाई बहिणीवर इतकी वर्षं रुसू शकते, तिने नातवाच्या एका हाकेसरशी हातातलं काम टाकलं, याला वजन आहे. रागच न येणाऱ्या माणसाच्या मायेचं काय सांगणार?

“भांडणाचं कारण कळलं नाही तर?” वकील.

“तर भांडण झालं होतं एवढंच लिहायचं,” सिस्टर म्हणाली. “कारण आपल्या मनाने रचायचं नाही.”

शेवटी मित्रानेच तोडगा काढला. तो मावशीआजीकडे जाणार, तिची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करणार, भांडणाचा विषय स्वतःहून काढणार नाही. तिने काढला तर ऐकून घेणार, आणि लिहिलेलं आधी तिला वाचून दाखवणार. ती नको म्हणाली तर तेवढा भाग काढून टाकणार.

वकिलाला अजूनही हे पटलेलं नाही. मित्राने मात्र पहिली दोन वाक्यं तिथेच खोडली आणि कपाळाची गोष्ट लिहायला घेतली.