मुंग्या, कंबर आणि कोडिंग

मार्गळी हा तमिळ महिना (डिसेंबर-जानेवारी) जवळ आला की कोलमवरचा, म्हणजे तमिळ घरांच्या दारातल्या ठिपक्या-रेषांच्या रांगोळीवरचा, तो मेसेज हमखास फिरतो: 'तमिळ बायका रोज पहाटे दारात मुंग्यांना जेवू घालतात, वाकून व्यायाम होतो, आणि एका अखंड रेषेचं कोलम म्हणजे जगातलं पहिलं कोडिंग. स्त्रीशक्तीला प्रणाम!' यंदा चुलतबहिणीने पाठवला.

मुंग्यांचं खरं आहे, तांदळाचं पीठ असेल तर. पाकिटातली पांढरी पूड बहुतेकदा दगडाची असते, आपल्या शिरगोळ्याच्या रांगोळीसारखी. त्यात मुंगीला काय मिळणार? स्टिकरचं कोलम तर विचारूच नका.

'अखंड रेषा' घरीच तपासा. तीन-तीन ठिपक्यांच्या दोन ओळी मांडा. रेषा तिरकी नेत ठिपक्यांना वळसे घाला आणि शेजारच्या प्रत्येक जोडीच्या मधोमध ती स्वतःलाच छेदू द्या. सगळे ठिपके वेढून बोट निघालं तिथेच परत येतं. आता दोन-दोनच्या दोन ओळी घ्या. वेटोळं अर्ध्यातच मिटतं, दुसरं काढावं लागतं. तीन बाय तीनला तीन लागतात. अशा चौकटीत दोन्ही बाजूंच्या ठिपक्यांचा मसावि जेवढा, तेवढी वेटोळी! शाळेत मसावि असा शिकवला असता तर मी गणितात पास झाले असते.

कोडिंगचं मेसेजमध्ये उलटं झालंय. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधले गिफ्ट आणि राणी सिरोमनी यांनी कमला कृतिवासन यांच्यासह १९७४ मध्ये कोलमवर शोधनिबंध लिहिला. एका ओळीत चिन्हं मांडणारं संगणकशास्त्रातलं व्याकरण आडव्या-उभ्या मांडणीला कसं लावायचं, हे त्यांनी कोलमवरून दाखवलं. बायका कॉम्प्युटर चालवत नव्हत्या. कॉम्प्युटरवाले त्यांच्या दारात शिकायला गेले.

व्यायामाबद्दल एवढंच, की तो इतका गुणकारी असता तर घरातल्या पुरुषांनी बायकांसाठी सोडला नसता.

राहिली स्त्रीशक्ती. श्राद्धाच्या दिवशी दारात कोलम नसतं. रिकामा उंबरा बघूनच गल्लीला कळतं. दार असं वाचलं जातं, म्हणून २९ डिसेंबर २०१९ ला चेन्नईच्या बेझंट नगरात बायकांनी नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध अक्षरं लिहून रस्त्यावर कोलम काढली. पोलिसांनी काही जणींना ताब्यात घेतलं. दुसऱ्या दिवशी द्रमुक पक्षाचे नेते स्टालिन आणि कनिमोळी यांच्या घरांसमोरही तीच अक्षरं होती.