चौथी सीट आणि न्यूटन

रविवारी भाच्याला सिनेमाला नेलं, ही माझी पहिली चूक. तो अकरावीत आहे, जेईईच्या क्लासला जातो. पॉपकॉर्न देऊन गप्प बसण्याचं वय गेलं.

हिरोने गोळी झाडली. व्हिलन काच फोडून दहा फूट मागे उडाला. मी शिट्टीसाठी दोन बोटं तोंडात घातली, तेवढ्यात कानाशी आवाज आला, "मामा, गोळी 10 ग्रॅमची, वेग सेकंदाला 400 मीटर. माणूस 80 किलोचा. मागे किती वेगाने जाईल?"

मी बोटं बाहेर काढली.

"सेकंदाला फक्त 5 सेंटिमीटर! आणि हिरोलाही तेवढाच हिसका बसायला हवा."

पुढे हिरो 45 मीटर उंच गच्चीवरून भाजीच्या हातगाडीवर पडला आणि केस सारखे करत उठला. मला मेथीची काळजी वाटत होती. भाच्याचा हिशेब वेगळा: 3 सेकंदांत खाली, ताशी 108 किलोमीटरने, आणि फूटभर मेथीत थांबायचं म्हणजे अंगावर स्वतःच्या वजनाच्या दीडशेपट भार. मग ट्रेनच्या टपावरची मारामारी आली. त्यावर मात्र मीच म्हणालो, "आपल्या लोकलवर हे जमायचं नाही रे. वर 25,000 व्होल्टची तार आहे." तो माझ्याकडे पहिल्यांदाच आदराने बघत होता.

सोमवारी मुलुंडहून स्लो गाडी पकडली आणि नशिबाने चौथी सीट मिळाली. चौथी सीट म्हणजे तिघांच्या बाकावर आपला एक कुल्ला, दुसरा देवाच्या भरवशावर. "जरा सरकता का?" म्हटल्यावर तिघं मिळून बोटभर सरकतात, तेही उपकार केल्यासारखे. आपला गुरुत्वमध्य बाकाच्या बाहेर लोंबतो. तो सावरायला मी उजवा पाय वाटेत रोवला होता, पडायला आलेल्या चाळीला टेकू लावतात तसा. त्यात पँट नवी, टेरिकॉटची. बाक गुळगुळीत. घर्षण औषधालाही नाही.

विद्याविहारला तिसऱ्या सीटवरच्या काकांना झोप लागली आणि ते माझ्याकडे कलू लागले. त्यांनी मला जेवढं ढकललं तेवढंच मीही त्यांना ढकलत होतो. न्यूटनने हे 1687 सालीच छापून ठेवलंय. पण काकांच्या पलीकडे दोन धडधाकट माणसं आणि खिडकी होती. माझ्या पलीकडे एका गृहस्थांची पिशवी, आणि पिशवीत डबा. कुर्ल्याला गाडीने सांधे बदलले, तशी माझी कोपर त्या डब्यावर टेकली.

"अहो, आमटी आहे त्यात!"

"मी नाही हो, काका आहेत," मी म्हणालो. काका घोरत होते.

शीव येईपर्यंत डावा पाय पार बधिर झाला. मुंग्या जाव्यात म्हणून पावसाळी चप्पल अर्धी काढून बोटं हलवत बसलो, ही दुसरी चूक. माटुंग्याला दाराकडे सरकलो, आणि मागून नेहमीचा प्रश्न आला, "दादर उतरणार का?"

गाडी थांबली. मी "हो" म्हणेपर्यंत उतरलेलोही होतो. गोळी नाही, बॉम्ब नाही, तरी सरळ दहा फूट, थेट वडापावच्या स्टॉलपर्यंत. पाय जमिनीला लागल्याचं आठवत नाही.

उजवी चप्पल पायात होती. डावी न्यूटनच्या पहिल्या नियमाला जागली. ती सीएसएमटीला गेली.