बोटीच्या पत्त्यावर आलेली पत्रं: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आणि सडेतोड आहे, तेव्हा नुसते आभार मानून मोकळं होणं बरं दिसणार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बोटीवरून पाठवलेली पत्रं जमवणं हा खरा छंद, कारण त्यांच्यावर 'पाकेबो'चा, म्हणजे पत्र बोटीवर टाकलं होतं असं सांगणारा शिक्का असतो. मी जमवतो ती पत्रं प्रवाशांना बोटीच्या पत्त्यावर आलेली, म्हणजे तुमच्या मते साधी देशांतर्गत पाकिटं. त्यांनी समुद्र पाहिलेलाही नाही. शिवाय परक्यांच्या खासगी पत्रांत डोकावणं तुम्हाला खटकतं. आणि दाखला म्हणून तुम्ही तुमच्या संग्रहातल्या 'ब्रेमेन' या जर्मन बोटीच्या कॅटापुल्ट पाकिटाचा, म्हणजे बोटीवरून झोत देऊन उडवलेल्या विमानातून गेलेल्या पाकिटाचा उल्लेख केला आहे.

पाकेबोशी माझं वैर नाही. भर समुद्रात टाकलेल्या पत्राला जहाजाच्या झेंड्याच्या देशाचं तिकीट चालेल, हे जागतिक टपाल संघाने 1891 मध्ये व्हिएन्नाला ठरवलं, आणि 1897 च्या वॉशिंग्टन परिषदेत त्यासाठी हा शब्द सगळ्यांनी स्वीकारला. नियम सुंदर आहे. पण बाजारात मिळणारी अशी किती पाकिटं कुणा प्रवाशाने खरोखर घरी लिहिलेली असतात? बरीचशी संग्राहकांनीच करवून घेतलेली. स्वतःचा पत्ता घातलेल्या पाकिटांचा गठ्ठा बोटीच्या पर्सरकडे, म्हणजे तिच्यावरचे पैशाचे व्यवहार आणि प्रवाशांची कामं बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवायचा आणि 'कृपया टाका' म्हणायचं. 'क्वीन मेरी' बोटीच्या मे 1936 च्या पहिल्या सफरीची पाकिटं तर अजून ढिगाने विकायला येतात. गंमत अशी की तो गठ्ठा ज्या मोठ्या लिफाफ्यातून पर्सरकडे आला, तो लिफाफा म्हणजे बोटीच्या पत्त्यावर आलेलं अस्सल टपाल. तो गेला केराच्या टोपलीत. मी नेमका तो शोधत असतो.

आता 'साधी पाकिटं' हा मुद्दा. अमेरिकेतून न्यूयॉर्कच्या धक्क्यावरच्या बोटीला पत्र पाठवायला देशांतर्गत दर लागे, हे बरोबर. पण साध्या पत्राचा पत्ता जागेवर थांबलेला असतो. इथे पत्ताच ठरल्या वेळी नांगर उचलून निघून जातो. उशीर झाला की वरातीमागून घोडं. सगळी मजा त्या वेळेत आहे.

माझ्याकडचं एक पाकीट सांगतो. 1912 सालचं, 'मॉरेटानिया' बोटीवरच्या एका बाईंच्या नावाने. खाली बोटीच्या मालकांचा पत्ता: क्युनार्ड कंपनी, पिअर (धक्का) 54, न्यूयॉर्क. वॉशिंग्टनचं चित्र असलेलं 2 सेंटचं लाल तिकीट, आणि शेजारी 10 सेंटचं निळं, सायकलवरच्या निरोप्याचं स्पेशल डिलिव्हरीचं तिकीट. म्हणजे टपालखर्चाच्या पाचपट रक्कम फक्त घाईसाठी मोजलेली. यंत्राने मारलेल्या शिक्क्यात तास स्पष्ट वाचता येतो. त्या काळी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत रोज बोटींचं कोष्टक छापून येई: कुठल्या बोटीची टपाल थैली किती वाजता बंद होणार, बोट किती वाजता सुटणार. शिक्का आणि कोष्टक शेजारी ठेवलं तर हातात जेमतेम अडीच तास होते असं दिसतं. समोरच्या बाजूला पेन्सिलीने केबिनचा एक नंबर लिहून खोडलाय आणि त्याखाली दुसरा लिहिलाय. कुणीतरी प्रवाशांची यादी उघडून बघितली असणार, बाईंनी केबिन बदलली असणार. आणि या सगळ्यावर जांभळा ठसा: बोटीवर नाहीत. मागे परतीचा शिक्का. कुठलं पाकेबो एवढं बोलतं, सांगा.

युरोपकडच्या बाजूला हा खेळ आणखी रंगतो. साउथॅम्प्टनहून बोट सुटली तरी लंडनच्या माणसाची संधी गेलेली नसे. बोट फ्रान्सचं शेरबूर बंदर करून दुसऱ्या दिवशी आयर्लंडच्या क्वीन्सटाउनला थांबायची; तेवढ्यात लंडनचं टपाल रात्रीच्या गाडीने वेल्सच्या होलीहेड बंदरात, तिथून समुद्र ओलांडून आयर्लंडच्या किंग्सटाउनला आणि पुन्हा रेल्वेने क्वीन्सटाउनला पोचायचं. 'टायटॅनिक' 10 एप्रिल 1912 ला दुपारी निघाली आणि 11 तारखेला क्वीन्सटाउनला आली, तेव्हा 'आयर्लंड' आणि 'अमेरिका' या दोन छोट्या बोटींनी माणसं आणि टपालाच्या थैल्या तिच्यापर्यंत नेल्या. जाता जाता: 1920 मध्ये या गावाचं नाव 'कोव्ह' झालं. नंतरच्या तारखेच्या पाकिटावर जुनं नाव दिसलं तर लगेच संशय नको, सवयी हळू जातात. पण 'टायटॅनिक'चं नाव पत्त्यात वेगळ्या शाईने लिहिलेलं दिसलं, तर मी पाकिटाला हातही लावत नाही.

एक गोष्ट मात्र अशा संग्रहाकडे बघताना लक्षात ठेवायला हवी, आणि तुम्ही ती काढली नाहीत याचं मला नवल वाटलं. ज्यांना पत्र मिळालं त्यांनी पाकीट फाडून टाकलं. जी पोचली नाहीत ती लिहिणाऱ्याकडे परत गेली आणि कुठल्यातरी खणात टिकली. त्यामुळे माझा संग्रह बघून कुणालाही वाटेल की बोटींचं टपाल म्हणजे नुसता सावळा गोंधळ होता. प्रत्यक्षात ते चोख चालायचं. चोख चाललेल्याचा पुरावा तेवढा उरत नाही.

खासगीपणाबद्दल माझा नियम साधा आहे. आत मजकूर असेल तर तो मी इथे टाकत नाही, आणि फोटोत आडनाव झाकतो. अमेरिकेत प्रवासाला निघालेल्या माणसाला मित्रमंडळी रोजचं एक अशी पत्रं द्यायची, 'तिसऱ्या दिवशी उघड' असं वर लिहून. असं एक न उघडलेलं माझ्याकडे आहे. ते तसंच राहणार.

राहिलं तुमचं 'ब्रेमेन'. 22 जुलै 1929 ला त्या बोटीवरून कॅटापुल्टने उडालेल्या विमानाने न्यूयॉर्कला बोटीच्या आधी टपाल पोचवलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण 1930 च्या दशकात उलटंही चालायचं: बोट जर्मनीहून सुटल्यावर उशिरा आलेलं टपाल कोलोनहून विमानाने शेरबूरला नेऊन तिच्यावर चढवत. तुमच्या पाकिटावर कोलोनच्या हवाई टपालाचा शिक्का आहे का, पुढे-मागे दोन्हीकडे बघा. असेल, तर ते बोटीवरून उडायच्या आधी बोटीच्या मागे धावलेलं आहे. दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, तारखा मी जुळवून बघतो.