चाचणी फुकट होती, घरी बसणं फुकट नव्हतं

"त्यांची कुटुंबं मोठी, एकेका घरात दहा-दहा माणसं, वर सारखे समारंभ. मग कोविड पसरणारच ना!"

कॅलिफोर्नियातल्या लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या (सरकारी आकड्यांत 'हिस्पॅनिक'), लोकांबद्दलचं हे मत मी २०२० च्या उन्हाळ्यापासून ऐकत आलेय. ऑफिसात ऐकलं, टीव्हीवर ऐकलं आणि आपल्या मराठी मंडळींच्या गप्पांतही अगदी सहज ऐकलं. परवा एकांकडे जेवायला गेलो होतो, पुढच्या साथीचा विषय निघाला आणि पुन्हा तेच. यजमानांच्या घरी वाद नको म्हणून गप्प बसले, पण मन स्वस्थ बसू देईना. पोस्ट मोठी आहे, वेळ काढून वाचा.

साथ यायच्या आधी, म्हणजे २०१९ साली, अमेरिकेतल्या हिस्पॅनिक माणसाचं सरासरी आयुर्मान जवळपास ८२ वर्षं होतं आणि गोऱ्या माणसाचं ७९ च्या आसपास. पैसा कमी, विमा कमी, अंगमेहनत जास्त, तरी तीन वर्षं जास्त जगत होती ही माणसं. तेव्हाही कुटुंबं मोठीच होती. तेव्हाही आजी-आजोबा घरातच असायचे आणि पोरीच्या पंधराव्या वाढदिवसाला अख्खं गोत जमायचं. मग २०२० या एका वर्षात तेच आयुर्मान किमान तीन वर्षांनी खाली आलं. गोऱ्यांचंही घटलं, पण त्यापेक्षा बरंच कमी. एखाद्या समाजाचे रीतिरिवाज बारा महिन्यांत बदलत नाहीत. मग बदललं काय?

सॅन फ्रान्सिस्कोचा मिशन भाग तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलाय. भारतातून पाहुणे आले की भिंतींवरची चित्रं दाखवायला आपण त्यांना तिथे नेतो. तिथे २०२० च्या एप्रिलअखेरीस यूसीएसएफ या वैद्यकीय विद्यापीठाचे डॉक्टर, लॅटिनो टास्क फोर्स ही स्थानिक कार्यकर्त्यांची आघाडी आणि शहराचं आरोग्य खातं यांनी मिळून 'उनिदोस एन सालुद' या नावाने चार दिवस चाचण्या घेतल्या. जनगणनेतला एकच छोटा विभाग निवडला आणि तिथे राहणाऱ्या-काम करणाऱ्या सगळ्यांना बोलावलं, लक्षणं असोत वा नसोत. जवळपास ४,००० लोक आले. त्यात लॅटिनो आणि गोरे साधारण सारखेच होते, प्रत्येकी ४० टक्क्यांच्या आसपास. ८३ जण पॉझिटिव्ह निघाले. त्यातले ९५ टक्के लॅटिनो होते आणि निम्म्यांहून अधिक लोकांना त्या दिवशी कसलंच लक्षण नव्हतं.

याच तपासणीत एक गोष्ट अशी आहे की जी मला अजूनही अस्वस्थ करते. त्यांनी अँटिबॉडीही तपासल्या होत्या, आधी कधी लागण होऊन गेली का ते कळावं म्हणून. आधी होऊन गेलेल्यांत सगळे होते: दोन तृतीयांश लॅटिनो, उरलेल्यांत गोरे आणि इतर. ताज्या संसर्गात मात्र ९६ टक्के लॅटिनो. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या भागात, घरी बसायचा हुकूम १७ मार्चला लागू झाला होता. म्हणजे लॉकडाऊनचा उपयोग झाला, अगदी व्हायला हवा तसा झाला, पण ज्यांना घरी बसता आलं त्यांनाच. एकाच गल्लीत एका दारात विषाणू थांबला आणि शेजारच्या दारात थांबला नाही, कारण त्या दारातून रोज सकाळी कुणीतरी कामाला जात होतं. संसर्ग झालेल्यांचे धागे जुळवले तेव्हा हेच पुढे आलं: घरी बसलो तर पगार बंद, काम लोकांत मिसळून करायचं, आणि घराचं वर्षाचं उत्पन्न ५०,००० डॉलरच्या आत. सॅन फ्रान्सिस्कोत ५०,००० डॉलर म्हणजे काय, हे इथे भाडं भरणाऱ्याला वेगळं सांगायला नको. दहा माणसं एका घरात राहतात ती हौसेने नाही राहत.

आपण मार्चमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आलो. किराणा दारात यायला लागला. तो कुणीतरी फळ्यांवरून काढून, पिशव्यांत भरून, गाडी चालवत आणत होतं. सॅलिनासच्या शेतांत कुणीतरी लेट्यूस कापत होतं. मांसाच्या कारखान्यांत माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती, आणि एप्रिलअखेर राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला की हे कारखाने चालूच राहिले पाहिजेत. पुढे सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने या कारखान्यांतले रुग्ण मोजले. ज्यांच्या वंशाची नोंद होती त्यातले ८७ टक्के अल्पसंख्याक समाजांतले होते, आणि निम्म्याहून जास्त हिस्पॅनिक. म्हणून "अत्यावश्यक कामगार" म्हणून टाळ्या वाजवल्या गेल्या तेव्हा मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत, मला त्यांची रजा कुठे आहे हे विचारावंसं वाटत होतं.

कारण रजेचं काय झालं ते बघा. मार्च २०२० मध्ये अमेरिकी संसदेने कायदा केला: कोविड झाला किंवा विलगीकरणात राहायला लागलं तर दोन आठवडे पगारी रजा. ऐकायला छान. पण ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या कंपन्यांना त्यातून वगळलं. म्हणजे बडे मांस कारखाने सुटले, बड्या किराणा साखळ्या सुटल्या. ५० पेक्षा कमी माणसं असलेल्या मालकांनाही काही कारणांसाठी सूट मागता येत होती. आणि ३१ डिसेंबर २०२० ला ही सक्तीच संपली, नेमकी हिवाळ्याची मोठी लाट चालू असताना. इतक्या भोकांतूनही कायद्याचा उपयोग झाला हे विशेष. ज्या राज्यांत आधी अशी रजा नव्हती तिथे ती मिळाल्यावर दर राज्यामागे दिवसाला साधारण ४०० रुग्ण कमी नोंदले गेले, असा अभ्यास त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

आता आपल्या घरातली गोष्ट. त्याच काळात माणशी १,२०० डॉलरचा चेक आला होता, आठवतंय? आपल्यातल्या कितीतरी घरांना तो आलाच नाही. नवरा एच-वनवर (नोकरीचा व्हिसा), बायको एच-फोरवर (जोडीदाराचा व्हिसा), तिच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आयटीआयएन हा फक्त टॅक्सपुरता नंबर आहे, दोघांनी मिळून टॅक्स भरला, की संपलं. दोघांनाही नाही. त्यावर आपल्याकडे केवढा संताप झाला होता, आणि बरोबरच होता. पण तो नियम आपल्याला समोर ठेवून केलेला नव्हता. तो ज्यांच्या घरात कुणा एकाकडे कागदपत्रं नाहीत अशा, मुख्यतः लॅटिनो, कुटुंबांवर रोखलेला होता. आपण वाटेत सापडलो. डिसेंबर २०२० च्या कायद्यात ते थोडं दुरुस्त झालं, पण ज्याच्याकडे नंबरच नाही तो कोरडाच राहिला. आपल्याला चेक नाही आला तर आपण चिडलो. त्यांना नाही आला तेव्हा ती माणसं तापात कामावर गेली.

त्यात भीती वेगळी. २४ फेब्रुवारी २०२० ला, म्हणजे साथ दारात उभी असताना, 'पब्लिक चार्ज'चा कडक नियम लागू झाला: सरकारी मदतीवर राहण्याची शक्यता दिसली तर ग्रीन कार्ड नाकारता येईल. कोविडची चाचणी आणि उपचार त्यात धरणार नाही, असं नंतर जाहीर केलं. पण सरकारी वेबसाइटवरची ती ओळ शेतमजुरापर्यंत पोचते का? त्याच्यापर्यंत पोचतं ते एवढंच, की दवाखान्यात नाव लिहिलं तर पुढेमागे त्रास होतो.

सॅन फ्रान्सिस्कोने एक चांगली गोष्ट केली, तिचं मोकळेपणाने कौतुक करायला हवं. 'राइट टू रिकव्हर' म्हणून योजना काढली. पॉझिटिव्ह आलात आणि दुसरीकडून रजेचा पगार मिळत नसेल, तर किमान वेतनाने दोन आठवड्यांचे पैसे शहर देणार, आणि इमिग्रेशनबद्दल एक शब्द विचारणार नाही. मिशनमध्ये तर चाचणीनंतर घरी फोन जायचा, किराणा आणि मास्क-सॅनिटायझर दारात पोचायचे, बरं होईपर्यंत विचारपूस चालायची. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे. चाचणी फुकट केली म्हणजे समता आली असं होत नाही. पॉझिटिव्ह आल्यावर चूल कशी पेटणार याचं उत्तर चाचणीच्या टेबलावरच मिळालं पाहिजे. ते नसेल तर चाचणी टाळणारा माणूस अडाणी नसतो, त्याचा हिशेब अगदी पक्का असतो.

लसी आल्यावर मी बे एरियातल्या एका केंद्रावर रांग सांभाळायला जायचे. तिथला एक माणूस डोळ्यांसमोरून जात नाही. पँटवर रंगाचे वाळलेले शिंतोडे, थेट कामावरून आलेला. फॉर्म भरताना पत्त्याच्या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं. घरमालकाला कळेल का, त्याने हळूच विचारलं. भाडेकरारावर चौघांचीच नावं होती. त्याच वस्तीत राहणाऱ्या एक वयस्कर बाई टेबलाशी होत्या, त्यांनी त्याला जवळचा चौक लिहायला सांगितला. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला: उद्या ताप येतो म्हणतात, खरं का? उद्या शिडीवर चढायचंय. लसीत काय घातलंय, चिप आहे का, असलं काही नाही. त्याला एका दिवसाच्या मजुरीची काळजी होती. बाई म्हणाल्या, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी ये, आम्ही उघडं ठेवतो. 'लसीबद्दल संकोच' या विषयावर मी कितीतरी लेख वाचले असतील, पण त्या बाईंनी अर्ध्या मिनिटात जे केलं ते त्यात क्वचितच सापडलं.

उलट टोकाचं उदाहरणही त्याच महिन्यांतलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये लॉस एंजेलिस आणि ओकलंडच्या मोठ्या केंद्रांवर कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांसाठी राखीव जागा ठेवल्या होत्या, त्यासाठी खास कोड दिले होते. ते कोड फुटले आणि घरून काम करणारी सुखवस्तू मंडळी तिथे जाऊन टोचून आली. असा कोड आपल्या एका मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवरही फिरला होता, "लवकर बुक करा" असं लिहून. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. दोन-तीन महिन्यांनी महाराष्ट्रातही तसंच झालं. १८ ते ४४ वयाला कोविन ॲपवर नोंदणी सक्तीची होती, ॲप तेव्हा मराठीत नव्हतं, आणि पुण्या-मुंबईची पोरं गाड्या काढून गावातल्या केंद्रांवर पोचली. गावचे लोक दारात उभे राहून बघत राहिले. फोन आणि वेग ज्याच्याकडे, लस त्याची, असं दोन्हीकडे झालं.

कॅलिफोर्नियाने निदान मार्च २०२१ मध्ये एक पाऊल उचललं: राज्यातल्या सगळ्यात मागे पडलेल्या, साधारण ४०० झिप कोडच्या वस्त्यांसाठी ४० टक्के डोस बाजूला काढले. त्यावर "आमचा नंबर मागे गेला" अशी कुरकुर झाली. लॅटिनो राज्यात साधारण ४० टक्के, रुग्णांत निम्म्याहून जास्त. मग लस आधी कुणाला द्यायची हा खरं तर प्रश्नच पडायला नको.

जिथे काम लोकांच्या हातात दिलं तिथे चित्र बदललं, हे एकाच ठिकाणी घडलेलं नाही. नॅव्हाहो नेशन या मूळ अमेरिकन जमातीच्या प्रदेशात जवळपास एक तृतीयांश घरांत नळाचं पाणी नाही. मे २०२० मध्ये तिथला संसर्गाचा दर न्यूयॉर्कच्याही पुढे गेला होता. तीच मंडळी २०२१ च्या वसंतात लसीकरणात देशाच्या पुढे होती. फिलाडेल्फियात डॉ. अला स्टॅनफर्ड यांनी भाड्याची व्हॅन घेऊन चर्चच्या पार्किंगमध्ये कृष्णवर्णीय वस्त्यांत चाचण्या सुरू केल्या, सरकारची वाट न बघता. लॅटिनो वस्त्यांत हे काम 'प्रोमोतोरा' करतात, म्हणजे वस्तीतल्याच प्रशिक्षित बायका. आपल्याला हे नवीन नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या निरक्षर बायकांना हाताशी धरून हेच उभं केलं, आणि कोविडमध्ये आशाताई दारोदार फिरल्या. आशाताईंना मानधनासाठी संप करावा लागला, आणि प्रोमोतोरांचा पगार बहुतेक ठिकाणी साथीपुरत्या निधीतून आला. निधी संपला की त्यांची गरज संपते, असं मानणाऱ्यांना काय म्हणावं!

एक बारीक गोष्ट, पण महत्त्वाची. सगळे लॅटिनो स्पॅनिश बोलत नाहीत. मिशनमध्ये युकातेक माया बोलणारी माणसं आहेत, ओकलंडच्या फ्रूटव्हेलमध्ये ग्वाटेमालातली माम बोलणारी आहेत. स्पॅनिश पत्रक छापून काम झालं असं समजणं म्हणजे गडचिरोलीच्या माडिया वाडीत मराठी पत्रक वाटून येणं.

आणि आज? कोविडसाठीची जादा पगारी रजा कॅलिफोर्नियात २०२२ च्या अखेरीस संपली. १ जानेवारी २०२४ पासून आजारपणाची पगारी रजा वर्षाला तीनऐवजी पाच दिवस झाली, हे चांगलं झालं. पण देशपातळीवर असा कायदाच नाही. घरकाम करणाऱ्यांना कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचे नियम लागू करणारं विधेयक आपल्या राज्यात मंजूर झालं होतं, गव्हर्नर न्यूसम यांनी ते सप्टेंबर २०२० मध्ये, ऐन साथीत, नाकारलं. चार घरी दोन-दोन तास साफसफाई करणाऱ्या बाईच्या हाती कागदावरच्या पाच दिवसांतलं फारसं काही पडत नाही.

तर ज्यांच्याकडे साफसफाईला, मुलं सांभाळायला किंवा आईबाबांची काळजी घ्यायला कुणी येतं, त्यांना माझी विनंती आहे. तिच्याशी या आठवड्यात बोला. ताप आला, खोकला आला, पोर आजारी पडलं, तर यायचं नाही आणि त्या दिवसाचे पैसे मिळतील, असं स्पष्ट सांगा. जमलं तर लिहून द्या. ज्यांनी आधीच असं ठरवलंय त्यांनी किती दिवस दिले आणि कसं जमवलं ते खाली लिहा, म्हणजे बाकीच्यांना अंदाज येईल. आमच्याकडे येणाऱ्या ताईंना आम्ही वर्षाला सहा खेपांचे पैसे देतो, न येता.